लाँग राइडचं पॅकिंग : या चुका टाळा, नाहीतर घाटात गाडी ऐकत नाही

पुण्यातून मोटरसायकलवर लांबच्या राइडला निघायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती काय न्यायचं याची. जाकीट कुठलं, हातमोजे कुठले, हेल्मेटमधून बोलायला इंटरकॉम घ्यावा की नको. ते सामान गाडीवर कुठे बसणार आणि कशाने बांधणार, हा विचार बहुतेक जण आदल्या रात्री पार्किंगमध्ये, मोबाइलच्या उजेडात करतात. मग खंबाटकीच्या वळणावर गाडी हवी तशी वळत नाही, साताऱ्याच्या पुढे हँडल हलकं लागायला लागतं, आणि दोष जातो टायरला, रस्त्याला किंवा वाऱ्याला. माझं ठाम मत आहे की अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ बॅगेत असतं. सामान किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, याचा गाडीच्या चालीवर जास्त परिणाम होतो.

वजनाचा हिशेबच न करणं

प्रत्येक गाडी किती वजन वाहू शकते, याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. त्या आकड्यात चालवणाराही धरलेला असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा मर्यादा १५० किलोची आहे. तुम्ही ७५ किलोचे, हेल्मेट-जाकीट-बूट मिळून ७ किलो, मागे बसणारी व्यक्ती ५५ किलोची. उरले १३ किलो. त्यात साडीगार्ड काढून बसवलेलं लोखंडी कॅरियर, सॅडलबॅगा (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा), अवजारं आणि पाच लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचेच पाच किलो. डबलसीट जाणाऱ्यांचं गणित जवळजवळ नेहमीच इथे चुकतं. घरातल्या वजनकाट्यावर भरलेल्या बॅगा एकदा ठेवून बघा. बंगळूर हायवेवर पाण्याची बाटली दर काही किलोमीटरवर मिळते, तिथे पाच लिटर पाठीवर वाहायचं कारण नाही.

सगळं वजन मागे आणि वर

ही सगळ्यात धोकादायक चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे ठेवलेलं वजन गाडीचं पुढचं चाक उचलायला बघतं. टॉप बॉक्समध्ये, म्हणजे सीटच्या मागे बसवलेल्या पेटीत, पाना-पकड, पॉवर बँक, कॅमेरा, पाण्याच्या बाटल्या असं जड सामान भरलं की पुढच्या टायरवरचा भार कमी होतो, पकड कमी होते आणि हँडल हलकं पडतं. शहरात तीसच्या वेगाला काहीच जाणवत नाही. ऐंशीच्या पुढे, ट्रकला ओलांडताना, किंवा चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तो वारा आडवा आला की हँडल डावी-उजवीकडे लटपटतं.

असं झालंच तर घाबरून जोरात ब्रेक दाबू नका आणि हँडल आवळून धरू नका. पकड सैल, पण हात हँडलवर. अंग किंचित पुढे. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा. वेग उतरला की लटपट थांबते. मग बाजूला घ्या आणि बॅगा उघडून जड वस्तूंची जागा बदला. तसंच पुढे निघालात तर पुढच्या उतारावर तेच होणार.

जड वस्तू खाली आणि चालवणाऱ्याच्या जवळ हव्यात. अवजारं सॅडलबॅगेच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात. टँकबॅग (पेट्रोलच्या टाकीवर बसणारी बॅग) असेल तर त्यात कॅमेरा आणि पॉवर बँक. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, जाकिटाचं अस्तर, टॉवेल असं हलकं सामान. बॉक्सच्या आत बहुतेक वेळा वजनाची मर्यादा छापलेली असते आणि ती आपल्या अंदाजापेक्षा बरीच कमी असते. बॉक्स मोठा आहे म्हणून तो जड भरायचा नसतो.

डाव्या-उजव्या बॅगेचं वजनही सारखं हवं. दोन्ही बॅगा दोन हातांत उचलून पाहिल्या तरी फरक कळतो.

बॅगेचं सायलेन्सर आणि चाकापासूनचं अंतर न बघणं

कापडी सॅडलबॅग रिकामी गाडी स्टँडवर असताना छान बसलेली दिसते. दोघे बसले, शॉकअप दबले, की तीच बॅग खाली येते आणि सायलेन्सरला किंवा टायरला घासते. म्हणून तपासणी अशी करा: बॅगा बांधून दोघांनी गाडीवर बसा आणि तिसऱ्याला मागून वाकून बघायला सांगा. बॅग आणि सायलेन्सर यांच्यामध्ये चार बोटं आरामात जायला हवीत. जात नसतील तर सायलेन्सरवर धातूचं आच्छादन लावा किंवा बॅगेला आतून आधार देणारा स्टे बसवून घ्या. वाटेत जळक्या प्लास्टिकचा वास आला तर आधी स्वतःचीच बॅग बघा. इंडिकेटर, टेललॅम्प आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना, हेही तोच तिसरा माणूस सांगेल.

हुकवाल्या इलॅस्टिक दोरीवर भरवसा

बंजी कॉर्ड स्वस्त आहे, चटकन लागते, म्हणून सगळे तीच घेतात. पण ती ताणली जाते, हाच तिचा दोष. खड्ड्यात बॅग उसळली की दोरी तिला उसळू देते, प्रत्येक उसळीत बॅग थोडी सरकते, आणि एका क्षणी हुक निसटतो. सुटलेलं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर चाक जागेवर जाम होतं. बांधताना हातातून सुटलेला हुक डोळ्यावर बसतो, तोही प्रकार लहान नाही. बंजी वापरायचीच तर बांधलेल्या बॅगेवर ओलं बनियन वाळत घालायला वापरा, बॅग धरून ठेवायला नाही.

रविवार पेठेत बोहरी आळीत पॉलिस्टरचे सपाट पट्टे मिळतात, बकल असलेले किंवा रॅचेटचे, म्हणजे दातेरी खटक्याने आवळायचे. ते घ्या. नायलॉनची दोरी ओली झाली की ताणते आणि पावसात गाठ सैल पडते. पॉलिस्टरला तो त्रास फार कमी. पट्टा गाडीच्या लोखंडी भागातून ओवा: मागची पकडदांडी, कॅरियर, फूटरेस्टचा ब्रॅकेट. प्लास्टिकच्या पॅनेलला किंवा इंडिकेटरच्या दांडीला अडकवलेला पट्टा ते प्लास्टिक मोडूनच थांबतो. दोन पट्टे मागे-पुढे असे लावा की एक सुटला तरी दुसरा बॅग धरेल. पट्टा ओढताना त्याला मध्ये एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडून गुणगुणतो, तो आवाज पीळ दिल्यावर बंद होतो. उरलेलं टोक गुंडाळून त्याच पट्ट्याखाली खोचा आणि वर एक प्लास्टिक टाय लावा. लोंबणारं एकही टोक ठेवायचं नाही. शेवटी बॅगेला धरून हिसका द्या: बॅग हलता कामा नये, हललीच तर पूर्ण गाडी हलली पाहिजे.

रेन कव्हर म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे

जुलैत ताम्हिणी किंवा आंबोली पाहिलेल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. रेन कव्हर वरून येणारं पाणी अडवतं. मागच्या चाकाने खालून उडवलेलं पाणी आणि साठच्या वेगाने समोरून शिवणीत घुसणारं पाणी त्याला अडवता येत नाही. उलट आत गेलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साचून राहतं. उपाय आतून करायचा. प्रत्येक बॅगेत आधी जाड प्लास्टिकची पिशवी, कपडे तिच्यात, आणि तोंड पिळून दुमडून बांधलेलं. ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची वॉटरप्रूफ बॅग) असेल तर तोंडाच्या किमान तीन घड्या घाला. चार्जर, औषधं आणि कागद वेगळ्या झिपच्या पिशव्यांत. जीन्स नेऊ नका, ती भिजली की दोन दिवस वाळत नाही.

लागणारी वस्तू तळाशी

कपाटात ठेवतो तसं सामान भरलं की ही चूक होते. गाडीवर क्रम उलटा लागतो: जे वाटेत लागणार ते वर. रेनकोट, पंक्चर किट, प्रथमोपचाराची पेटी आणि पाणी हे बॅगेचा पट्टा न सोडता हाताला आलं पाहिजे. वरंध घाटात, वळणाच्या पुढे, ट्रक येत असताना, पंक्चर किटसाठी सगळे कपडे कठड्यावर काढून ठेवायची वेळ येऊ नये. अवजारं वजनामुळे खाली हवीत आणि गरजेमुळे हाताशी हवीत, ही ओढाताण खरी आहे. बाजूने चेन उघडणारी सॅडलबॅग तिथे उपयोगी पडते.

अवजारांबद्दल आणखी एक. नुसता पान्यांचा संच विकत घेऊन भागत नाही. मागचं चाक खोलायला तुमच्याच गाडीला कोणता पाना लागतो, तो संचात आहे का, हे घरी एकदा चाक खोलून बघा. तारांच्या चाकाच्या गाडीत बहुधा ट्यूब असते, तिथे ट्यूबलेसचं किट कामाचं नाही, जादा ट्यूब न्यावी लागते. क्लच केबल नवी घ्या आणि जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून टाय लावून ठेवा. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची. फ्यूज, बल्ब, स्पार्क प्लग हे सगळं नाना पेठेत आठवडाभर आधी घेऊन ठेवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही नेऊ नका.

गाडी रिकाम्या सेटिंगवरच ठेवणं

सामान चढवलं की मागच्या टायरचा हवेचा आकडा बदलतो. डबलसीटचा आकडा मॅन्युअलमध्ये, आणि बऱ्याच गाड्यांवर स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) स्टिकरवरही असतो. हवा टायर थंड असताना भरा. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचांचं कडं असतं, ते हुक पान्याने एक-दोन खाच पुढे घ्या. नाहीतर गाडी मागे बसते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणावर गाडी डोलते. निघण्याआधी चेन ताणून घट्ट करण्याची हौस मात्र टाळा: शॉकअप दबला की चेन आणखी ताणली जाते, आणि घट्ट चेन बेअरिंग खाते.

पाठीवर जड सॅक नको. दोन तासांत खांदे भरून येतात, आणि पडलात तर सॅकमधली कडक वस्तू पाठीच्या कण्यावर बसते. मोबाइल हँडलवर लावत असाल तर कंपन शोषणारा होल्डर घ्या. इंजिनाच्या कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो, हे ॲपलने २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण मोबाइल बंद पडतो, म्हणून झेरॉक्स जवळ ठेवा. लडाखला जाणार असाल तर पोस्टपेड सिम लागेल, इथलं प्रीपेड तिथे चालत नाही.

आठवडाभर आधी भरलेल्या गाडीवर चक्कर

इतकी तयारी करून जर पहिली परीक्षा थेट निघायच्या दिवशी होणार असेल तर उपयोग नाही. आदल्या रविवारी सगळं सामान बांधून, मागे बसणाऱ्यासकट, चांदणी चौकातून मुळशीमार्गे ताम्हिणीपर्यंत जाऊन या. गतिरोधक, खड्डे, वळणं, उतार सगळं त्यात येतं. पट्टा कुठे सैल झाला, बॅग किती सरकली, कुठली वस्तू लागलीच नाही, हे परत येऊन लिहून काढा. न लागलेल्या वस्तू घरी ठेवा. त्यातून फक्त पंक्चर किट, औषधं आणि रेनकोट वगळा.

खऱ्या दिवशी पहिला थांबा शिरवळला घ्या, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटरवर, खंबाटकी चढायच्या आधी. तोपर्यंत कपडे आत दबलेले असतात आणि पट्टे हमखास सैल होतात. ते पुन्हा ओढा, बॅगेच्या सायलेन्सरकडच्या बाजूला हात लावून ती तापली आहे का बघा, मागच्या टायरजवळ बॅगेवर घासल्याची काळी रेघ उठली आहे का तेही बघा, आणि मगच चहा सांगा.