परसातला लसूण: पाणी कधी तोडायचं, गड्डे कधी काढायचे, पावसाळ्यात कसे जपायचे

दिवाळीच्या आसपास परसात किंवा गच्चीवरच्या वाफ्यात लावलेला लसूण आता, फाल्गुन-चैत्रात काढणीला येतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल या जाती साधारण १२० ते १३५ दिवसांत तयार होतात. बाजारातल्या किंवा घरच्या जुन्या पाकळ्या लावल्या असतील, तर थोडं मागेपुढे होतं. लागणीची तारीख लिहून ठेवली असेल तर तिचा अंदाजापुरता उपयोग करा. खरा निर्णय पातीकडे बघूनच घ्यायचा.

घरच्या लसणाचं नुकसान होतं ते बहुतेक शेवटच्या तीन आठवड्यांत. चार महिने पीक निगुतीनं सांभाळलेलं असतं, आणि नेमकं पोसण्याचं काम संपल्यावरही मायेपोटी पाणी चालूच राहतं. पातीचे शेंडे पिवळे पडायला लागले, खालची दोन-तीन पानं वाळली, की पाणी तोडा. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत काढणीआधी पंधरा दिवस वाफा कोरडा राहायला हवा. कुंडीत किंवा ग्रोबॅगमध्ये माती लवकर सुकते, तिथे आठवडाभर पुरे. ओल्या मातीतून काढलेल्या गड्ड्याच्या मानेत पाणी राहतं आणि बुरशी तिथूनच आत शिरते.

आता पात किती वाळू द्यायची, हा प्रश्न. कांद्यासारख्या माना पडण्याची वाट बघत बसू नका. लसणाचं प्रत्येक पान खाली गड्ड्याभोवती एक पापुद्रा होऊन गुंडाळलेलं असतं. पान वाळलं की त्याचा पापुद्राही जीर्ण होतो, मातीत कुजायला लागतो. म्हणजे वर जितकी पानं हिरवी, तितकी खाली शाबूत आवरणं. साधारण निम्मी पात पिवळी पडलेली आणि वरची चार-पाच पानं अजून हिरवी, ही काढणीची योग्य वेळ. पात पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर गड्डा उकलतो, पाकळ्या सुट्या होतात. त्यात मार्च-एप्रिलमधला अवकाळी पाऊस आला तर जमिनीतच कोंब फुटतात. असा लसूण चवीला चांगला असतो, पण टिकत नाही.

खात्री करायची असेल तर एक गड्डा उपटून आडवा कापा. पाकळ्या टपोऱ्या भरलेल्या, एकमेकींपासून सुट्या दिसत असतील आणि प्रत्येकीवर स्वतःची पातळ साल आली असेल तर काढणी करा. आवरणं अजून जाड, पांढरी, रसरशीत असतील तर आठवडाभर थांबा. हा एक गड्डा वाया जात नाही, त्या दिवशीच्या फोडणीला होतो.

मार्च संपत आला तरी पात हिरवीगार आणि खाली गड्डाच नाही, असंही काही घरांत दिसतं. मोठ्या पाकळ्या बघून आणलेला पहाडी लसूण लावला की हे होतं. त्याला गड्डा धरायला उत्तरेकडच्या डोंगरांतला लांब दिवस आणि जास्त थंडी लागते, ती आपल्याकडे मिळत नाही. त्याची वाट न बघता ओली पात खुडून चटणीला, भाकरीच्या पिठात, वरणाच्या फोडणीत वापरून टाका.

काढताना पात धरून ओढू नका, मान तुटते. गड्ड्यापासून चार बोटं लांब खुरपं किंवा कुदळ घालून माती खालून मोकळी करा, मग हलक्या हातानं उचला. माती दगडासारखी झाली असेल तरी पाणी सोडून मऊ करायचा मोह टाळा. माती काढायला गड्डे एकमेकांवर आपटू नका, आणि धुवायचे तर मुळीच नाहीत. आपटलेल्या जागी डाग दिसत नाही, पण महिनाभरानं नेमकी तीच पाकळी निळसर बुरशीनं भरते. ज्याला खुरपं लागलं तो गड्डा वेगळा ठेवा आणि आधी वापरा.

सुकवण सावलीतच करा, हे माझं ठाम सांगणं आहे. सकाळी काढलेला लसूण तासभर वाफ्यावर राहिला तर बिघडत नाही, पण एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पसरला तर पाकळ्या आतून शिजल्यासारख्या होतात: पिवळट, पारदर्शक, चिकट. शेतात पसरून ठेवायची वेळ आलीच, तर एका ओळीचे गड्डे दुसऱ्या ओळीच्या पातीनं झाकतात, तसे झाका. घरी पडवीत, गॅलरीत किंवा पंख्याच्या वाऱ्यात पातीसकट एका थरात पसरा. दहा ते पंधरा दिवस लागतात. मान चिमटीत धरून दाबा. ओलसर, घसरती लागली तर अजून सुकू द्या. मान कडक, वरचा पापुद्रा कागदासारखा कुरकुरीत आणि मुळं ठिसूळ झाली की सुकवण पुरी झाली.

मग मुळं कातरा. पात ठेवायची असेल तर वीसेक गड्ड्यांच्या जुड्या बांधून, नाहीतर वेणी घालून टांगा. जुन्या घरांत या जुड्या चुलीच्या वर आढ्याला असायच्या. धूर आणि कोरडी ऊब यांनी लसूण पावसाळा काढायचा. गॅसच्या शेगडीवर मात्र टांगू नका, तिथे वाफच जास्त. पात कापायचीच तर मान इंचभर ठेवून कापा आणि गड्डे जाळीच्या पिशवीत किंवा बांबूच्या टोपलीत भरा. प्लॅस्टिकची पिशवी, बंद डबा, बटाट्याची टोपली ही तिन्ही ठिकाणं लसणाला वाईट. फ्रिजही नको: तिथल्या थंडीनं त्याची सुप्तावस्था लवकर मोडते आणि बाहेर काढला की भराभर कोंब येतात.

जून उजाडण्याआधी एकदा सगळा लसूण हाताखालून घाला. हलके लागणारे, मऊ पडलेले, काळी भुकटी धरलेले गड्डे बाजूला काढा. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही निवड पावसाळाभर दर पंधरवड्याला करावी लागते, इतकी हवा दमट असते. निवडीत निघालेल्या चांगल्या पाकळ्या सोलून चकत्या वाळवा किंवा फ्रीझरमध्ये ठेवा. सोललेल्या कच्च्या पाकळ्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर मात्र ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बॉट्युलिझमचं जीवघेणं विष तयार होऊ शकतं, वास किंवा चव न बदलता. तेलातला ताजा लसूण फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

बियाणं मात्र आजच, सगळे गड्डे समोर असताना बाजूला काढा, नाहीतर मोठे गड्डे आधी फोडणीत जातात. घट्ट, जड, डाग नसलेले गड्डे निवडा. १५ बाय १० सेंटिमीटरवर लागण केली तर एका चौरस मीटरला सुमारे ६५ पाकळ्या लागतात. बाहेरच्या जाड पाकळ्याच लावायच्या असल्यानं त्यासाठी सात-आठ गड्डे धरा. त्यांची वेगळी जुडी करून तिला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरात कुणाच्या हातून चुकून वापरली जाणार नाही. हे गड्डे ऑक्टोबरपर्यंत फोडू नका. पाकळ्या लागणीच्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी सुट्या करा.