टाकीतलं शेवाळ: आधी ओळख, मग इलाज

द्राक्षाच्या पानावर डाग दिसला की माझा दादा आधी पान उलटून बघतो. खालून पांढरी बुरशी असेल तर डावणी, वरून राख भुरभुरल्यासारखी दिसली तर भुरी. त्यानंतरच फवारणी ठरते. पिंपळगावच्या बागेत लहानपणापासून पाहिलेली ही रीत नाशिकच्या इंदिरानगरमधल्या माझ्या माशांच्या दोन फुटी टाकीला लावायला मला दोन वर्षं लागली. तोवर हिरवं दिसलं की दुकानातून आणलेलं औषध ओतायचे. शेवाळ आठवडाभर दबायचं, व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची पानं मात्र वितळून जायची.

आता मी आधी बोट लावते, मग नख, मग वास घेते.

टाकी नवी असेल आणि काचेवर, वाळूवर तपकिरी पावडर बसली असेल, बोटानं सहज पुसली जात असेल, तर ते डायॅटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ. पुसा, पाणी बदलत राहा. टाकी रुळली की बहुतेक वेळा आपणच जातं.

काचेवर आणि अनुबियास या पाण्यातल्या झाडाच्या जुन्या पानांवर हिरवे कडक ठिपके असतील, नखानं खरवडूनही निघत नसतील, तर ते वेगळं प्रकरण. काचेवरचे ब्लेडनं निघतात, पानावरचे निघत नाहीत. खतामुळेच शेवाळ होतं असं मला सगळ्यांनी सांगितलेलं, म्हणून मी खत पूर्ण बंद केलं होतं. ठिपके दुप्पट झाले. कारण उलटं होतं. प्रकाश भरपूर आणि फॉस्फेट कमी, म्हणून झाडं अडून बसली होती आणि ठिपक्यांना मोकळं रान मिळालं होतं.

दादाला सांगितलं, तर त्यानं ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतातलं ‘झिरो-बावन्न-चौतीस’ आणि ‘तेरा-झिरो-पंचेचाळीस’ थोडं थोडं डब्यांत भरून दिलं. पहिलं मोनो पोटॅशियम फॉस्फेट, दुसरं पोटॅशियम नायट्रेट. टाकीची महागडी खतं बनवायलाही हेच क्षार वापरतात. आपल्या जिल्ह्यात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतात. फक्त पिशवीवर नायट्रोजन अमोनियाच्या रूपात आहे का ते वाचा. तसं असेल तर घेऊ नका, माशांना घातक असतं. युरियाही नको.

अर्धा लिटर पाण्यात 10 ग्रॅम झिरो-बावन्न-चौतीस विरघळवायचं. दुसऱ्या बाटलीत अर्ध्या लिटरला 50 ग्रॅम तेरा-झिरो-पंचेचाळीस. माझ्या 60 लिटर पाण्याला आठवड्यातून दोनदा पहिल्यातलं अडीच मिलि आणि दुसऱ्यातलं 5 मिलि. एका मात्रेत साधारण अर्धा पीपीएम (म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम) फॉस्फेट आणि 5 पीपीएम नायट्रेट मिळतं. दर रविवारी एक तृतीयांश पाणी बदलते, म्हणजे उरलेलं साठत नाही. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी काढून घ्यायचाच.

काळी दाढी नावाचं शेवाळ सगळ्यात चिवट. लाकडावर, फिल्टरच्या तोंडाशी, पानांच्या कडांना काळे-करडे आखूड झुपके येतात आणि ओढले तरी सुटत नाहीत. एक झुपका स्पिरिटमध्ये टाकून बघा. हिरवा रंग उतरतो आणि तो लालसर दिसू लागतो, कारण हे मुळात लाल शेवाळाच्या कुळातलं. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त झाला आणि कचरा साचला की ते धरतं. झाडांना हा वायू मिळावा म्हणून मी साखर-यीस्टची बाटली लावली होती. नाशिकची जानेवारीतली थंडी तुम्हाला माहीत आहे. रात्री पारा दहाच्या खाली गेला की यीस्ट गारठायचं, दुपारी पुन्हा जोर धरायचं. महिनाभरात लाकूड काळं झालं. शेवटी बाटली काढली, दिवा टायमरवर साडेपाच तास केला आणि अनुबियास, जावा फर्नसारखी सावकाश वाढणारी झाडं ठेवली. सिलिंडर वापरत असाल तर वायू दिव्याच्या तासभर आधी सुरू करा आणि रोज तेवढाच सोडा.

उरलेल्या झुपक्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून 3 टक्के करा. फिल्टर बंद करून सिरिंजनं थेट झुपक्यावर सोडा, दहा मिनिटांनी फिल्टर सुरू. 60 लिटरला एका वेळी एकूण 15 मिलिच्या वर जाऊ नका. काही दिवसांत झुपके गुलाबी, मग पांढरे पडतात.

निळसर हिरवी बुळबुळीत साय वाळूवर पसरली, बोटानं अख्खी उचलली गेली आणि कुबट वास आला, तर ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. नायट्रेट संपलेलं आणि पाणी साचून राहिलेलं असलं की फावतं. नळीनं ओढून काढा, पाणी बदला, टाकी चार दिवस जाड चादरीनं पूर्ण झाका. दिवा बंद, एअरपंप चालू. मग नायट्रेट द्या आणि फिल्टरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. काहीजण अँटिबायोटिकच्या गोळ्या टाकतात. माणसांची औषधं टाकीत ओतणं मला पटत नाही.

पाणीच हिरवं झालं तर ऊन शोधा. माझी टाकी दक्षिणेच्या खिडकीसमोर आहे. मे महिन्यात तिथे ऊन शिवत नाही, डिसेंबरात सूर्य खाली आल्यावर थेट काचेवर येतं. उपाय तोच, चादर. आणि खिडकीला पडदा.

लांब दोरे झाले तर जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा आणि भराभर वाढणारं एखादं झाड लावा. शेवाळ खाणारा मासा म्हणून दुकानदार सियामीज अल्गी ईटर देईल. तो पाच-सहा इंच होतो, दोन फुटी टाकी त्याला पुरत नाही. नेराइट गोगलगायी बऱ्या. ठिपकेही खरवडतात आणि त्यांची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत.

ठिपके पडलेलं जुनं पान परत स्वच्छ होत नाही, ते देठापासून कापा. सुधारणा नव्या पानांवर बघायची, आणि त्यासाठी तीन-चार आठवडे द्यायचे. कापलेली पानं, काढलेली झाडं उन्हात वाळवून कुंडीत टाका. नाल्यात किंवा गोदावरीत नको. जलपर्णीनं तिथलं पाणी आधीच झाकलं जातं.