जुन्या ठाण्यात लग्न करताय? आधी मुहूर्ताच्या वेळीच जागा बघा

मोठ्या लॉनपेक्षा मला मासुंदा तलावाजवळचं लग्न जास्त आवडतं. पहिली पत्रिका ग्रामदैवत कौपिनेश्वराला ठेवायची आणि तिथूनच चालत कार्यालयात यायचं, यात जे सुख आहे ते दुसरीकडे नाही.

पण अशी जुनी जागा निवांत दुपारी बघून बयाणा देऊ नका. मुहूर्ताचा जो वार, जी वेळ, तेव्हाच जा. जांभळी नाक्याची गर्दी किती, वऱ्हाडाची बस कुठे थांबेल, हे तेव्हाच कळतं.

जिना स्वतः चढा. माझ्या भाचीच्या लग्नात पंगत वरच्या मजल्यावर होती. अरुंद लाकडी जिना, उंच पायऱ्या. आजीला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. तिने भीतीने माझा पदर घट्ट धरला होता. म्हणून आधी हेच विचारा, की ज्येष्ठांची पाने खाली मांडता येतील का?

छत लाकडी असेल तर लग्नहोम अंगणात घ्या. वायरिंग जुनं असेल तर डेकोरेटरला सोबत न्या, जनरेटरची जागा ठरवून घ्या. आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे वरात लवकर काढा.