कान वाजतोय? चहा सोडण्याआधी या चुका टाळा

कानात किर्र आवाज सुरू झाला की आपल्याकडे क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या रात्री लसूण घालून कढवलेलं तेल. दुसऱ्या दिवशी बड. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा, चौथ्या दिवशी चहा बंद, पाचव्या दिवशी मेडिकलमधून बी-१२च्या गोळ्या. कान बघणाऱ्या डॉक्टरची पाळी येईपर्यंत महिना उलटलेला असतो. आणि या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारलेला नसतो: आवाज एका कानात आहे की दोन्ही?

ताप आला म्हणजे जसं नुसतं लक्षण दिसतं, तसंच कान वाजण्याचं आहे. मळ, बुरशी, सर्दीने बंद झालेली घसा-कान जोडणारी नळी, नसेची इजा, रक्त कमी, जबडा, गोळ्या, यातलं काहीही मागे असू शकतं. म्हणून आधी चार गोष्टी कागदावर लिहा. कोणता कान? आवाज सलग आहे की नाडीच्या ठोक्यावर? अचानक आला की हळूहळू? दात आवळले किंवा मान वळवली तर बदलतो का? दहा मिनिटांचं काम आहे, पण बहुतेकांना त्याआधी गोळीचं नाव हवं असतं.

'मळच असेल' म्हणून थांबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. नवी मुंबईच्या घणसोलीतला एखादा पस्तिशीतला माणूस डोळ्यांसमोर आणा. रविवारी सकाळी उठतो तर उजवा कान दडे बसल्यासारखा, आत बारीक शिट्टी, उभं राहताना किंचित तोल जातो. रात्री एसीत झोपला होता, म्हणजे एसीच बाधला असणार. आई कोमट तेल सोडते. तेलाने कान आणखी जड वाटतो, त्यावरून घरात निदान पक्कं होतं: मळ फुगलाय. मेडिकलवाला मळ मऊ करायचे थेंब देतो, तीन दिवस ते. ऑफिसचा फोन डाव्या कानाला लावायची सवय होते. शेजारचे डॉक्टर सर्दीच्या गोळ्या देतात, आठवडा जातो. मग सणाची सुट्टी, मग गावी एक लग्न. चोविसाव्या दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी होते आणि आलेखात उजवा कान ७० डेसिबलवर गेलेला, म्हणजे साधं बोलणंही ऐकू न येणारा दिसतो. पडद्याआड नस बसलेली असते. मळ? कणभरही नाही. आता स्टिरॉइड सुरू होतं, पण गेलेलं ऐकू येणं फारसं परत येत नाही आणि शिट्टी तर कायमची वस्तीला राहते.

याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात: ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त, फार तर दोन आठवड्यांपर्यंत चांगला. नंतर पडद्याआड इंजेक्शन देऊन प्रयत्न होतो, पण तोवर हातातलं बरंच निसटलेलं असतं. घोळ असा की यातल्या बऱ्याच जणांचं थोडंफार आपोआप भरून येतं, आणि त्याचं श्रेय तेलाला मिळतं. पुढच्याला तेच तेल सुचवलं जातं.

घरी एक चाचणी करता येते. ओठ मिटून 'म्म्म' असा लांब हुंकार द्या. तो बंद वाटणाऱ्या कानात मोठा घुमला, तर अडथळा बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, म्हणजे मळ, पाणी किंवा सर्दी. चांगल्या कानात मोठा घुमला, तर नसेचा संशय धरा आणि त्याच दिवशी ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. 'सोमवारी अपॉइंटमेंट आहे' चालणार नाही. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर टेकवून हीच गोष्ट नीट तपासतात. तुमच्या हुंकाराने निदान होत नाही, घाई करायची की नाही एवढंच कळतं. आणि उत्तर गोंधळाचं आलं, तर घाईच करा.

बड, सेफ्टी पिन, स्कूटरची किल्ली

कानाची वाट जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. तिची त्वचा पडद्याकडून बाहेर सरकत असते आणि मळ सोबत आणते. बड उलट्या दिशेने दाबतो. मळ पडद्याला जाऊन चिकटला की आवाज सुरू होतो, मग तो काढायला आणखी बड. आंघोळीनंतर टॉवेलच्या कोपऱ्याने बाहेरची पाळी पुसा, बस्स.

मळ खरंच असेल तर मऊ करणारे थेंब दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस. बाटली आधी मुठीत धरून अंगाइतकी कोमट करा, कुशीवर झोपून थेंब घाला आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. थेंब घालून लगेच उठून लोकल पकडायला धावायचं असेल तर पैसे वाया. नंतरचं धुणं डॉक्टरांच्या हातून, ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्याने. नळाचं गार पाणी पिचकारीने मारलं तर खोली गरगरा फिरते, कारण तोल सांभाळणारा भाग पडद्यापलीकडेच असतो. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, पूर्वी ऑपरेशन झालं असेल, तर थेंब, तेल, पाणी काहीही नाही.

तेलाबद्दल अजून एक. ठाणे-नवी मुंबईची खाडीकाठची आपली हवा जून ते सप्टेंबर ओली असते. ओलसर, उबदार कानात तेल म्हणजे बुरशीला आमंत्रण: आधी खाज, मग दडे, मग किर्र. डॉक्टर दुर्बिणीतून काळे ठिपके असलेला ओला कापूस दाखवतात, तो कापूस नसतो.

कानात जळती मेणबत्ती लावण्याबद्दल एक ओळही खर्च करत नाही.

ताटातून एकेक पदार्थ काढणं

ही दुसरी लाडकी चूक, आणि हिच्यात लोक महिनोन् महिने घालवतात. घोडबंदर रोडवरची एक चाळिशीची बाई, डाव्या कानात 'धब् धब्'. आधी चहा सुटतो. मग कॉफी, मग मिसळ, मग टोमॅटो, मग दही 'थंड' म्हणून. कुठल्याशा व्हिडिओत साखर वाईट असते, तीही जाते. तीन महिन्यांत ताटात मुगाची खिचडी आणि दुधी उरतो, वजन चार किलो उतरतं, आवाज तिथेच. शेवटी कुणीतरी विचारतं की हा आवाज नाडीबरोबर येतो का? मनगटावर बोट ठेवून बघितलं, तर ठोका आणि 'धब्' एकत्र. हिमोग्लोबिन निघतं ७.८. पाळीला रक्त जास्त जात होतं आणि त्यावर हे उपासाचं जेवण. रक्त पातळ पडलं की हृदय ते वेगाने ढकलतं आणि कानाशेजारून जाणाऱ्या शिरांचा प्रवाह ऐकू येतो. भरीला लोहाची गोळी सुरू झाल्यावर ती पहिल्याच आठवड्यात चहासोबत घेतली जाते, कारण 'चहाने काही फरक पडत नाही हे आता कळलंच'. कानाला पडत नाही हो, लोहाला पडतो. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या.

हा प्रकार दुर्मिळ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. मात्र ठोक्यावर येणारा आवाज नुसत्या लोहावर सोडायचा नसतो. वाढलेलं थायरॉइड, रक्तदाब, मानेच्या शिरेतला अडथळा, कानाच्या पडद्यामागची रक्तवाहिन्यांची गाठ, डोक्यातला वाढलेला दाब, सगळं त्यात येतं. डोकेदुखी आणि दिसायला अंधूक होणं सोबत असेल तर दिवस मोजू नका.

आता चहा-कॉफी. कॅफिन बंद केल्याने आवाज कमी होतो, असं सिद्ध झालेलं नाही. दिवसाला पाच कप घेणाऱ्याने एका दमात सोडले की दोन दिवस डोकं ठणकतं, चिडचिड होते, झोप बिघडते, आणि या तिन्हींमुळे तोच आवाज मोठा वाटतो. स्वतःपुरतं बघायचंच असेल तर आठवड्याला एक कप कमी करा आणि आवाज शून्य ते दहामध्ये रोज लिहा. एका वेळी एकच पदार्थ, निदान तीन आठवडे. पाच गोष्टी एकदम सोडल्या तर काय लागू पडलं हे कधीच कळणार नाही.

मीठ मात्र एका ठिकाणी मोजावं लागतं: मेनिएर नावाच्या आजारात. कानात भरल्यासारखं, घरघर, ऐकू कमी-जास्त होणं आणि २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत चालणारी गरगर, असा तो येतो. मिठाबाबतचा पुरावा तिथेही फार भक्कम नाही, पण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही मर्यादा रक्तदाबासाठी सगळ्यांनाच सांगितलेली आहे. वरून मीठ न घेणारे लोक पापड, लोणचं, फरसाण, सुकट आणि चायनीज भेळ विसरतात. आधी तिकडे बघा.

बी-१२ची कमतरता शाकाहारींत, मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि ॲसिडिटीची गोळी रोज चघळल्यासारखी घेणाऱ्यांत खरीच असते. ती तपासून भरून काढा. पण पातळी चांगली असताना गोळ्या खाऊन कान शांत होत नाही. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांचंही तेच. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शिकेत सतावणाऱ्या जुनाट कर्णनादासाठी ही पूरकं सुचवू नका, असंच म्हटलंय. दोन-दोन हजारांच्या डब्यांपेक्षा एक ऑडिओमेट्री स्वस्त.

औषधांचा डबा न दाखवणं

डोकं, गुडघा, कंबर, प्रत्येकाला वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांनी हे वाचावं. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कान वाजतो आणि बंद केल्यावर बहुधा थांबतो. मलेरियाच्या क्विनाइनचंही तसंच. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कॅन्सरचं सिस्प्लॅटिन यांनी झालेली इजा बऱ्याचदा राहते, म्हणून ती चालू असताना आवाज आला तर पुढच्या डोसाआधी सांगा. आणि उलटी चूकही नको: हृदयासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका. एवढ्या मात्रेने सहसा कान वाजत नाही, ती बंद केल्याने मात्र हार्टॲटॅक येऊ शकतो.

जबडा आणि गुटखा

दात घट्ट आवळा. हनुवटी पुढे काढा. मान दोन्ही बाजूंना वळवा. आवाजाची पट्टी किंवा जोर बदलला, तर जबड्याचा सांधा किंवा मान यात सामील आहे. रात्री दात खाणाऱ्यांना हे जास्त होतं, तेव्हा दातांचे डॉक्टर. मावा-गुटख्याने ज्यांचं तोंड तीन बोटंही उघडत नाही, त्यांच्या टाळूचे स्नायू आखडलेले असतात आणि घसा-कान जोडणारी नळी नीट उघडत नाही. दडे आणि आवाज तिथून येतात. हे कानाच्या थेंबांनी सुटणारं नाही.

आवाज मोजायचा सोडून सहन करणं

रबाळे, महापे, वागळे इस्टेटच्या कारखान्यांतल्या, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये 'सवय झाली' हे वाक्य अभिमानाने ऐकू येतं. सवय नव्हे, कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेल्या, आणि त्या परत उगवत नाहीत. कान दिवसाला किती वेळ सोसेल, याचा सर्वसाधारण हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास, ८८ असेल तर चार, ९१ असेल तर दोन, १०० असेल तर १५ मिनिटं. दहीहंडीच्या डीजेसमोर हे गणित गाणं संपायच्या आत संपतं. ऑडिओमेट्रीत ४००० हर्ट्झपाशी खाच दिसली की कारण गोंगाट, हे बहुतेकदा उघड असतं.

फोमचे बूच बरेच लोक नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, बूच आत सारा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमला की बसलं. लोकलमध्ये इअरफोनचा आवाज गाडीच्या खडखडाटावर चढवू नका, त्यापेक्षा बाहेरचा आवाज अडवणारे घ्या आणि निम्म्यावर ऐका.

पण बूच घरी काढा. कान वाजतो म्हणून शांत खोलीत बूच लावून झोपणारे लोक स्वतःचं नुकसान करतात. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी ऐकू चांगलं येणाऱ्या लोकांना आवाजबंद खोलीत बसवलं, तेव्हा ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. शांततेत मेंदू आवाजाची कळ वाढवतो. रात्री पंखा चालू ठेवा, किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज, पण कानातल्या शिट्टीपेक्षा किंचित हळू. ती पूर्ण झाकायला गेलात की कान तिलाच शोधत बसतो.

डॉक्टरकडे जाताना

वरचा चार प्रश्नांचा कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं सांगून नव्हे, पट्ट्याच), आणि घरी तीन वेळा मोजलेला रक्तदाब. तपासण्यांत ऑडिओमेट्री, टिंपॅनोमेट्री (पडदा आणि त्यामागचा दाब बघणारी), हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ एवढ्याने बहुतेकांचं भागतं. एकाच कानात टिकून राहिलेला आवाज, किंवा दोन कानांच्या आलेखात मोठा फरक असेल तर एमआरआय सांगतील. नसेवरची गाठ नाही ना हे बघायला तो लागतो, तेव्हा 'उगाच पैसे काढतात' म्हणून टाळू नका. परवडत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची कान-नाक-घसा ओपीडी आहे. ऐकण्याच्या तपासणीसाठी वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

ऑडिओमेट्रीला जाण्याआधी १६ तास गोंगाटापासून लांब राहा, नाहीतर तात्पुरता बधिर झालेला कान आलेखात येतो. आणि आलेखाची मूळ प्रत घरी ठेवा, मोबाइलमधला फोटो नव्हे. सहा महिन्यांनी तोच कान पुन्हा तपासताना डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.