कामाच्या दिवशी खान्देशी मटण: स्लो कुकरमध्ये कसं करावं

जळगाव-धुळ्याकडे मटण म्हणजे रविवारचं काम. पण स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) असेल तर बुधवारीही संध्याकाळी सातला तर्रीचा रस्सा ताटात येतो. अट एकच: भाजण्याचं काम आधी गॅसवर करून घ्यायचं. स्लो कुकर मांस शिजवतो, पण धुराची चव देत नाही. आपल्या रश्शाचा सगळा जीव तर त्या भाजण्यातच आहे.

आदल्या रात्री. तीन कांदे सालासकट थेट आचेवर ठेवा. भरताच्या वांग्यासारखे बाहेरून काळे आणि आतून मऊ व्हायला हवेत. सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून तशीच भाजा. कडा पेटल्या तर फुंकर मारा. काळे डाग पडले, खमंग वास सुटला की बस. कांद्याची जळकी साल काढा. खोबरं, कांदा, पंधरा लसूण पाकळ्या, बोटभर आलं आणि मूठभर कोथिंबीर बारीक वाटा. शेंगदाण्याच्या तेलात तेल सुटेपर्यंत परता. मग दोन मोठे चमचे काळा मसाला आणि चवीपुरतं तिखट घाला. घाई इथे अजिबात नको, कारण कच्चा राहिलेला मसाला कुकरमध्ये कच्चाच राहतो.

एक किलो मटण खांद्याचं, हाडासकट घ्या. नळ्या मागून घ्या. हळद-मीठ लावून मटण वेगळं आणि मसाला वेगळा फ्रिजमध्ये ठेवा. कुकरचं चिनी मातीचं भांडं मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, गार भांडं एकदम तापलं की तडकतं.

सकाळी. मसाल्यात दीड कप पाणी घालून उकळी आणा आणि मटणावर ओता. पाणी याहून जास्त नको, झाकणाखाली ते आटत नाही. भांडं अर्ध्याहून थोडं जास्त भरलेलं असावं. 'लो'वर आठ तास, 'हाय'वर साधारण पाच. चिवट भाग हळूहळू जिलेटिनमध्ये विरघळतो, त्यातूनच रस्सा दाट होतो. झाकण उघडून बघायचा मोह टाळा. एकदा उघडलं की वीसेक मिनिटं वाढतात.

विजेचा भरवसा नसेल तर घरात कुणीतरी असेल त्याच दिवशी हा बेत करा. लाइट गेली तर लगेच गॅसवर शिजवून घ्या. आपण बाहेर असताना बराच वेळ वीज गेल्याचं कळलं, तर मटण खाऊ नका, कितीही जिवावर आलं तरी.

संध्याकाळी. रस्सा पातळ वाटला तर गॅसवर दहा मिनिटं उकळा. चुलीची चव हवी असेल तर लालबुंद कोळसा छोट्या वाटीत घालून रश्शावर ठेवा, वर तुपाचा थेंब, पाच मिनिटं झाकण. सोबत ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, कांदा, लिंबू.

उरलं तर दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गॅसवर खळखळून उकळा, स्लो कुकरमध्ये पुन्हा गरम करू नका.