ऑइल बदलायच्या आधी: फिल्टर, पाना आणि बाकीचं सामान

भाच्यानं महिन्यापूर्वी रॉयल एनफील्डची सेकंडहँड इंटरसेप्टर 650 घेतली, आणि आता साहेबांना ऑइल घरीच बदलायचंय, त्यामुळे काल रात्री साडेदहाला फोन, "मामा, फिल्टर खोलायला कुठला पाना घेऊ?" आता हे फोनवर सांगितलं की अर्धं विसरणार आणि रविवारी सकाळी परत फोन करणार, म्हणून बसून लिहूनच काढतोय. बाकी कुणाला कामी आलं तर उत्तमच.

तर ऐक. पाना कुठला हा प्रश्नच आधी उलटा आहे. आधी फिल्टर, मग त्या फिल्टरला बसणारा पाना, आणि दोन्ही हातात आल्याशिवाय ड्रेन बोल्टला (ऑइल काढायच्या खालच्या बोल्टला) हात लावायचा नाही. ही अक्कल मला फुकट आलेली नाही. माझीपण हीच गाडी, पहिल्या वेळी बडोद्यात दांडिया बाजारातल्या आपल्या वाड्याच्या चौकात सकाळी सात वाजता गाडी उभी केली, दुपारी मित्रांबरोबर पावागढला जायचं ठरलेलं, मजेत सगळं ऑइल काढलं आणि मग तो पत्र्याचा वाटीसारखा पाना फिल्टरवर चढवला जो आदल्या दिवशी दुकानदारानं "साहेब, आ तो बधामां चाले" (हा तर सगळ्यांना चालतो) म्हणून गळ्यात मारला होता. रॅचेटला (सॉकेट फिरवायच्या दांड्याला) जोर लावला आणि वाटी गोल गोल फिरायला लागली, फिल्टर जागच्या जागी. दोनतीनदा तसं केल्यावर फिल्टरच्या कडेचे कंगोरेच घासून गेले. मग खालच्या मजल्यावरचे काका आले, ते म्हणाले स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोक आणि फिरव, मीपण ठोकला, आणि डब्बा टरकन फाटला पण खालची जाड चकती इंजिनाला चिकटलेलीच. रविवार, दुकानं बंद, इंजिनात थेंबभर ऑइल नाही. मित्र पावागढला गेले, मी शेवउसळ खाल्ली. सोमवारी कंपनीतून छिन्नी आणून त्या चकतीला बाजूनं हळूहळू ठोकत सोडवली, कडेचा ॲल्युमिनियम वाचला हे नशीब.

म्हणून पहिली गोष्ट ही की आपल्या गाडीत कुठला फिल्टर आहे ते बघायचं. तुझ्या गाडीत बाहेरून दिसणारा, आट्यांवर फिरवून बसवायचा डब्बा फिल्टर आहे, इंजिनाच्या पुढे, सायलेन्सरच्या दोन पाइपांच्या मधोमध. पाना फक्त असल्या फिल्टरला लागतो. तुझ्या त्या क्लासिक 350 वाल्या मित्राला हे वाचून पाना विकत घ्यायला पाठवू नकोस, त्याच्या गाडीत कागदी फिल्टर झाकणाच्या आत असतो, त्याला साधा सॉकेट आणि नव्या ओ-रिंगा लागतात, आणि काढताना कुठली बाजू आत होती, स्प्रिंग कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा कारण असला फिल्टर उलटा बसला तर ऑइलची वाटच अडू शकते. आणि तुझ्या बाबांच्या स्प्लेंडरमध्ये तर बदलायचा कागदी फिल्टर नसतोच, खाली एक जाळी असते आणि आत क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, एक फिरणारी वाटी, कचरा फिरून फिरून तिच्या भिंतीला चिकटतो, ते साफ करायचं काम. "स्प्लेंडरचा ऑइल फिल्टर द्या" म्हणून दुकानात गेलास तर तो काहीतरी देईलही.

आता फिल्टर घेताना. सरळ मार्ग म्हणजे मॅन्युअल किंवा पार्ट्सच्या कॅटलॉगमधून पार्ट नंबर काढायचा आणि शोरूमच्या पार्ट्स काउंटरवरून ओरिजिनल घ्यायचा. फिल्टरसाठी मी तरी प्रयोग करत नाही, दुसऱ्या कंपनीचा घेतलास तर तिच्या यादीत तुझ्या मॉडेलचं नाव छापलेलं हवं. "आटे बसतात ना, मग झालं" हा सगळ्यात महाग पडणारा युक्तिवाद, कारण M20 चे (20 मिलिमीटरचे) आटे कितीतरी बाइकच्या फिल्टरांना असतात आणि बाहेरून सगळे काळे डबे सारखेच दिसतात. फरक आत असतो. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो, फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं की तो उघडतो आणि ऑइल न गाळता का होईना पण इंजिनाला मिळतं, तो किती प्रेशरला उघडायचा हे त्या इंजिनाप्रमाणे ठरवलेलं असतं. दुसरी एक रबराची किंवा सिलिकॉनची झडप असते, गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून. फिल्टर आडवा असेल तर ही झडप जास्तच महत्त्वाची, नाहीतर रोज सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ इंजिन कोरडं फिरतं. नवीन फिल्टरच्या छोट्या भोकांतून आत बोट न घालता नुसतं डोकावलंस तरी ते रबर दिसतं. मग उंची बघ, जास्त लांब डब्बा पुढच्या पाइपाला टेकेल नाहीतर खालून दगडाचा मार खाईल. रबरी रिंग खोबणीत नीट बसलेली हवी, डब्याला पोचा नको, पॅकिंग उघडलेलं नको आणि छपाई पुसट किंवा स्पेलिंग चुकलेलं असेल तर तिथूनच परत फिर.

काही फिल्टरांच्या टोकाला नटच जोडलेला येतो, के अँड एन कंपनीच्या बाइक फिल्टरांना 17 मिलिमीटरचा असतो. तसला तुझ्या गाडीसाठी यादीत असेल तर घे, पुढच्या वेळी वेगळा पानाच नको, 17 चा सॉकेट लावला की काम. फक्त तो नट काढण्यासाठी आहे, बसवताना त्याला पाना लावून आवळायचं नाही. आणि हेही लक्षात ठेव की यावेळी जो फिल्टर निघणार तो जुना आहे, त्याला नट नाही, म्हणजे एकदा तरी पाना घ्यावाच लागणार.

पान्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण खरी गोची इथेच आहे. बाजारात चारपाच तऱ्हा मिळतात. वाटी पाना, जो फिल्टरच्या टोकावर टोपीसारखा बसतो आणि कंगोऱ्यांना पकडतो. तीन पायांचा खेकड्यासारखा पाना, फिरवला की पाय आवळत जातात. बेल्टचा पाना, साखळीचा पाना आणि पक्कडीसारखा मोठा जबड्याचा. साखळी आणि जबडा दोन्ही मोकळ्या जागेत फर्स्ट क्लास, आम्ही कंपनीत कॉम्प्रेसरचे फिल्टर त्यांनीच काढतो, पण तुझ्या गाडीत फिल्टरच्या दोन्ही बाजूंना पाइप, दांडा फिरवायला जागाच नाही. बेल्टवाला ऑइल लागलं की घसरतो. खेकडा बऱ्याच मापांना चालतो म्हणून लोक घेतात, पण त्याचे पाय बाहेरून पकडतात, तेवढी फट पाइपांत आहे का ते आधी बोट घालून बघ, आणि जुना फिल्टर फार घट्ट असेल तर तो डब्बा दाबून चेपवतो. म्हणून माझं मत वाटी पाना, पुढून सरळ आत जातो, मागे रॅचेट आणि लागलं तर छोटं एक्स्टेंशन.

पण वाटी म्हणजे दोन आकडे, व्यास आणि कंगोरे. पाकिटावर 65 आणि 14 असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर 65 मिलिमीटर आणि कंगोरे 14. हा नुसता नमुना सांगितला, तुझा आकडा तू मोजायचा. कंगोरे बोटानं मोज, सुरुवातीला एकावर मार्करनं टिंब कर नाहीतर गोल गोल मोजत बसशील. व्यासाला वर्नियर (माप घ्यायचा कॅलिपर) लागेल, माझा घेऊन जा. गाडीवरच्या फिल्टरला वर्नियर पोचत नसेल तर जाड दोरा कडेभोवती गुंडाळून लांबी माप आणि 3.14 नं भाग, 204 आलं तर 65 च्या आसपास, पण यात कंगोऱ्यांची टोकं धरली जातात म्हणून हे अंदाजाला ठीक, विकत घ्यायला नाही. आणि जुना फिल्टर वेगळ्या कंपनीचा निघाला तर दोघांची मापं वेगळी असू शकतात, म्हणून दोन्ही मोज.

दुकानात जाताना नवीन फिल्टर खिशात घालून जा आणि वाटी तिथेच त्याच्यावर चढवून बघ. मला कुणी हे सांगितलं असतं तर पावागढ झाला असता. वाटी थोडी ढकलून बसली पाहिजे, हलवली तर खुळखुळायला नको, आणि खोलीपण पुरेशी हवी, नुसती टोकाला टेकलेली नको. पातळ पत्र्याची घेऊ नकोस, जोर आला की ती उमलते, जाड ओतीव ॲल्युमिनियमची किंवा जाड स्टीलची घे. मधलं चौकोनी भोक आपल्या रॅचेटला बसतं का ते बघ, बहुतेक 3/8 इंची असतं, आपल्या घरातला मोठा रॅचेट 1/2 इंची आहे, त्याला अडॅप्टर लागेल. साध्या दुकानात नाही मिळालं तर मकरपुरा जीआयडीसीकडे (औद्योगिक वसाहतीत) टूलवाल्यांकडे विचार, तिथे माप सांगितलं की माप देतात, "बधामां चाले" म्हणत नाहीत. अगदी किंचित सैल वाटी असेल तर पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू फिल्टरकडे करून मध्ये घाल, पकडते.

बाकीचं सामान पटकन सांगतो. ऑइल 10W-50 (हा घट्टपणाचा ग्रेड), डब्यावर जासो एमए2 (बाइकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं, कारण आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारचं घसरडं ऑइल घातलं की क्लच स्लिप होऊ शकतो. किती लागेल ते मॅन्युअलमध्ये बघ, फिल्टरसकट बदलल्याचा आकडा बघायचा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन, दरवेळी. जुनं ऑइल धरायला पसरट ट्रे, भरपूर चिंध्या, जुने पेपर, हातमोजे, नरसाळं, आणि झाकणाचा रिकामा कॅन. ते जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही हे बजावून सांगतो, वापरलेलं ऑइल सरकारी नियमातही घातक कचऱ्यातच येतं, आणि आपली गटारं शेवटी कुठे जातात माहितीये ना, विश्वामित्री नदीतल्या मगरींनी आपलं काय वाकडं केलंय. कॅन भरून गॅरेजवाल्याला दे, त्यांच्याकडे जमा करून नेणारे येतात.

आता क्रम. गाडी पाचेक मिनिटं चालू कर म्हणजे ऑइल पातळ होईल, पण मग पाइप थोडे निवू दे, फिल्टर पाइपांच्या मध्ये आहे आणि मे महिन्यात बडोद्यात तसंही सगळं तापलेलंच असतं. मेन स्टँडवर लाव. सगळ्यात आधी, ऑइल आत असतानाच, वाटी चढवून फिल्टर नुसता हलतो का ते बघ, समोरून बघताना घड्याळाच्या उलट. पाव फेरा सैल झाला की पुन्हा हातानं टाइट कर आणि मग ड्रेन बोल्ट खोल. हललाच नाही तर काहीही बिघडलेलं नाही, ऑइल आहे, गाडी चालू आहे, तशीच गॅरेजला ने.

फिल्टर निघाला की त्याची जुनी रबरी रिंग त्याच्याबरोबरच आली का बघ. कधी ती इंजिनालाच चिकटून राहते आणि आपण वर नवीन बसवतो, मग दोन रिंगांमधून ऑइल पिचकारीसारखं उडतं, तेही बरोबर मागच्या टायरच्या रस्त्यात. बसायची जागा पुसून घे. नवीन रिंगेला बोटानं नवं ऑइल लाव, कोरडी बसवली की पुढच्या वेळी माझ्यासारखी छिन्नी आणावी लागते. मग हातानंच फिरव, रिंग टेकली की तिथून मोजून साधारण पाऊण फेरा, फिल्टरच्या डब्यावर वेगळं काही छापलं असेल तर ते धर. पाना काढायला असतो, बसवायला हात. ड्रेन बोल्टपण दात ओठ खाऊन आवळू नकोस, खालचे आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत, कंपनीतून टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानंच आवळणारा) आणून देईन.

ऑइल भरून स्टार्ट कर, रेस नको, ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. दोन मिनिटांनी बंद करून टॉर्चच्या उजेडात फिल्टर आणि बोल्टभोवती बघ, थोडं थांबून गाडी सरळ उभी ठेवून लेव्हल बघ, जेवढं ऑइल नवीन फिल्टरनं पिऊन घेतलं तेवढं वरून घाल. किलोमीटर आणि तारीख चिठ्ठीवर लिहून सीटखाली ठेव. आणि वर्नियर कंपनीचा नाही माझा स्वतःचा आहे, पुसून, डबीत घालून, सोमवारपर्यंत घरी आणून दे.