हद्दवाढीची अनुसूची लिहिताना आणि वाचताना या चुका टाळा

हद्दवाढीची बातमी आली की व्हॉट्सॲपवर सगळ्यात आधी नकाशा फिरतो. गूगलच्या चित्रावर कुणीतरी जाड लाल रेघ ओढलेली असते आणि लोक त्यात आपलं घर शोधत बसतात. त्या रेघेला कायद्यात काडीची किंमत नाही. शहराची हद्द राजपत्रातल्या अधिसूचनेत असते, तिच्या अनुसूचीतल्या, म्हणजे सोबत जोडलेल्या गावं-नंबरांच्या यादीतल्या शब्दांत. मोजणीवाला ते शब्द जमिनीवर उतरवतो, एवढंच. शब्दच कच्चे असतील तर रोव्हरने (उपग्रहाच्या मदतीने मोजणारं यंत्र) सेंटिमीटरपर्यंत अचूक बिंदू घेऊनही हाती काही लागत नाही. म्हणून इथे यंत्रांपेक्षा शब्दांच्या चुकांबद्दलच जास्त लिहितो.

ग्रामपंचायतीचं नाव लिहून मोकळं होणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भूमी अभिलेख खात्याला (जमिनीची मोजणी आणि नकाशे सांभाळणारं) ग्रामपंचायत ओळखू येत नाही, त्याला ओळखू येतं ते महसुली गाव, म्हणजे 'मौजे' अमुक. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात, आणि एका महसुली गावात चार वाड्या. 'अमुक ग्रामपंचायतीचे क्षेत्र' असं लिहिलं की नकाशे नेमके किती काढायचे इथूनच वाद सुरू होतो.

त्यातच खुर्द आणि बुद्रुक. एका मसुद्यात गावाच्या नावापुढचा 'बु.' टंकलेखनात गळाला होता. शेजारचं खुर्द गाव हरकती घेऊन हजर, आणि ज्यांचं गाव खरोखर जाणार होतं ते निवांत घरी. दीड महिना त्यात गेला. पुण्यातच बघा, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी. आंबेगाव खुर्द आणि आंबेगाव बुद्रुक. नुसतं 'वडगाव' लिहिणाऱ्याने शहर नेमकं कुठपर्यंत नेलं, हे त्यालाही सांगता येणार नाही. गाव, तालुका, जिल्हा आणि गावाचा जनगणना कोड हे चारही रकाने भरलेले असले की हा घोळ होत नाही.

'उर्वरित' हा शब्द

२०१७ साली पुणे महापालिकेत ११ गावं आली, त्यांत 'लोहगाव (उर्वरित)' अशी नोंद होती. म्हणजे आधी जो भाग आला तो सोडून बाकीचा. शब्द चुकीचा नाही, पण त्याचा अर्थ जुनी अनुसूची उघडल्याशिवाय लागत नाही. जुन्या अनुसूचीत सर्व्हे नंबर असतील आणि मधल्या काळात गावात एकत्रीकरण योजना (जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडण्याची) झाली असेल, तर आज तेच क्षेत्र गट नंबरांनी ओळखलं जातं. जुना सर्व्हे नंबर ४५ आणि आजचा गट नंबर ४५ गावाच्या दोन टोकांनाही असू शकतात. विदर्भात खसरा क्रमांक, आणि नगर भूमापन (शहरी जागांची मोजणी) झालेल्या भागात सि.स.नं., म्हणजे सिटी सर्व्हे नंबर. आकडा लिहिताना तो कोणत्या जातीचा आहे हे लिहिलंच पाहिजे.

गाव भागशः घ्यायचं असेल तर मी एक हिशेब नेहमी करायला सांगतो. आत येणारे नंबर एका रकान्यात, बाहेर राहणारे दुसऱ्यात, आणि दोन्हींच्या क्षेत्रांची बेरीज गावाच्या आकारबंदाशी, म्हणजे प्रत्येक नंबरचं क्षेत्र आणि आकार नोंदलेल्या कागदाशी जुळवायची. जुळलं नाही तर एखादा नंबर सुटलाय किंवा दोनदा धरलाय. जुळलं तरी संपत नाही, कारण गावात बिननंबरी जागाही असतात: नाला, गाडीरस्ता, नदीचं पात्र. नंबरांची यादी कितीही चोख केली तरी हे यादीत येतच नाहीत. मग पूल कुणी दुरुस्त करायचा यावर महापालिका आणि जिल्हा परिषद एकमेकांकडे बोट दाखवतात. 'व त्यांमधील सर्व रस्ते, नाले व बिननंबरी जागांसह' ही अर्धी ओळ घालायला काय जातं?

'नदीपर्यंत', 'रस्त्यापर्यंत'

नदीच्या कुठपर्यंत? अलीकडचा काठ, पलीकडचा काठ की मध्यधारा? काही पट्ट्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यामधून मुळा नदी वाहते, औंध-बाणेर एका बाजूला, सांगवी-वाकड दुसऱ्या बाजूला. अशा ठिकाणी राडारोडा पडला की काठ सरकतो आणि शब्द मात्र तिथेच राहतात. गावाच्या शिवेचा आधार घेतलेला बरा. शीव भूमापनात ठरलेली असते, तिचे बांध, दगड, बुरूज अभिलेखात असतात. जमिनीवरून दगड गायब झाला तरी टिपणावरून (मूळ मोजणीच्या मापांचा कागद) तो पुन्हा बसवता येतो. रस्ता तर रुंद होणारच, म्हणून 'रस्त्याची उत्तर बाजू' एवढंही पुरत नाही, लगतचे नंबर द्या.

जुना कागद, नवा उपग्रह

आपली मूळ मोजणी शंकू-साखळीची, शंकूने काटकोन आणि साखळीने अंतर. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. प्रत्येक गाव स्वतंत्र मोजलं गेलं. त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे नकाशे संगणकावर कडेला कडा लावले तर कुठे फट दिसते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढतं. तरुण मंडळी ती फट माऊसने ओढून 'बंद' करतात. तसं करू नका. ती फट जमिनीवर नसते, कागदावरची असते. दोन्ही बाजूंचे खातेदार बोलावून शीव मोजल्यावरच ती मिटते.

प्रमाणाचंही तसंच. १:१०,००० च्या नकाशावर पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर पाच मीटर होते. त्यावरून घर आत की बाहेर ठरवायला जाऊ नये.

आणखी एक बारीक खड्डा. सहनिर्देशक, म्हणजे बिंदूची जागा सांगणारे आकडे, देताना प्रणाली आणि झोन लिहा. ७८ अंश पूर्व रेखांशाला यूटीएमचा (जगाचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी प्रणाली) झोन बदलतो: मुंबई, पुणे, अमरावती ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. झोन चुकला तर आकडे दिसायला बरोबर आणि शहर भलत्याच जिल्ह्यात.

सल्लामसलत उरकणं

मुंबई सोडून इतर मोठ्या शहरांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३ आहे. हद्द बदलायची तर महापालिकेशी विचारविनिमय आणि आधी मसुद्याची प्रसिद्धी लागते. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आत आली, २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा वगळली गेली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ते वगळणं रद्द केलं. तिथे मुद्दा महापालिकेशी करायच्या सल्लामसलतीचा होता, मोजणीचा नव्हता.

चार रेषा एकच समजणं

हे घर घेणाऱ्यांसाठी. महापालिका हद्द, नगर भूमापन हद्द, गावठाण आणि नियोजन प्राधिकरणाचं क्षेत्र या चार वेगळ्या रेषा आहेत. गाव महापालिकेत आलं म्हणून प्रॉपर्टी कार्ड तयार होत नाही. नगर भूमापन होईपर्यंत सातबाराच चालतो. २०२१ मध्ये पुण्यात २३ गावं आली, पण त्यांचं नियोजन तेव्हा पीएमआरडीएकडेच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिलं. कर भरायचा एकीकडे, नकाशा मंजूर दुसरीकडे, असं झालं. घरपट्टीची पावती दाखवून 'आम्ही हद्दीत आहोत' म्हणणाऱ्यांना राजपत्राचीच प्रत मागा. नंतर वगळण्याची अधिसूचना निघाली आहे का तेही बघा. उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०१७ ला आत आली होती, पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

हरकत घ्यायची असेल तर मसुद्यात दिलेल्या मुदतीत घ्या. 'आमच्या गावावर अन्याय' एवढंच लिहिलेले अर्ज एकगठ्ठा निकाली निघतात. त्याऐवजी अनुसूचीचा अनुक्रमांक, गट नंबर, आकारबंदाचं क्षेत्र आणि मसुद्यातलं क्षेत्र असे चार रकाने आखा, फरक लाल शाईने लिहा, गाव नकाशाची प्रमाणित प्रत जोडा आणि पोच घ्या.